वाचकांचे प्रश्न : ‘ब्लोहोल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : मी वाशीम जिल्ह्यातील एका खेड्यात प्राथमिक शाळेत शिकवते. समुद्रातील प्राण्यांविषयीचे एक पुस्तक वर्गात वाचत असताना देवमाशाच्या चित्राशेजारी ‘ब्लोहोल’ हा शब्द आला. हे देवमाशाचे नाक, असे मी मुलांना सांगितले. त्यावर एक मुलगा उठून म्हणाला, ‘मॅडम, माहा भाऊ नागपूरले फाउंड्रीत हाये. तो म्हन्ते, ब्लोहोल निंगालं का माल वापस.’ घरी येऊन शब्दकोश उघडला, तर त्यात तिसराच अर्थ मिळाला : समुद्रकाठच्या खडकातले, लाट आली की कारंजे उडवणारे भोक. यांतला मूळ अर्थ कोणता, इतर भाषांत याला काय म्हणतात, आणि तिन्ही अर्थांना चालेल असा एकच मराठी शब्द आहे काय?

उत्तर : आपणही बरोबर आहात आणि तो मुलगाही. त्याला वर्गात गप्प बसवले नाही, हे फार चांगले केले, कारण त्याच्या भावाच्या तोंडचा अर्थ पुस्तकातल्या अर्थाइतकाच खरा आहे आणि आपल्या भागाला तर तोच अधिक जवळचा आहे.

‘ब्लो’ आणि ‘होल’ या दोन साध्या, जुन्या इंग्रजी शब्दांची ही जोडणी आहे. इंग्रजीत वारा ‘ब्लो’ करतो, माणूस ‘ब्लो’ करतो, शंख वाजवणाराही ‘ब्लो’ करतो आणि देवमासाही. क्रियापदच इतके ऐसपैस असल्यामुळे ज्या भोकातून हवा, वाफ किंवा फवारा जोराने बाहेर पडतो, त्या प्रत्येक भोकाला तो शब्द लावता आला. मराठीची रीत वेगळी आहे. वारा वाहतो किंवा सुटतो, माणूस चूल फुंकतो, बैल फुसकारतो, साप फुत्कारतो, प्रेशर कुकरची वाफ फुसफुसते, दुखऱ्या जागेवर आई फुंकर घालते. कोण हवा सोडतो आहे, किती जोराने आणि कोणत्या भावनेने, हे आपण क्रियापदातच सांगून टाकतो. तेव्हा तिन्ही अर्थांना एक मराठी शब्द हवा, ही अपेक्षाच मला बरोबर वाटत नाही. इंग्रजीचा शब्द एक आहे म्हणून आपलाही एकच असला पाहिजे, असे मानून पुष्कळ कृत्रिम परिभाषा घडवली गेली आणि ती कोणाच्याही तोंडी बसली नाही. प्रत्येक भोक काय काम करते ते पाहावे आणि त्याला त्याचे नाव द्यावे, हे माझे मत मी पुढे सविस्तर मांडतो.

आधी देवमाशाविषयी. हा मासा नव्हे. तो पिलाला दूध पाजणारा, फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी आहे, म्हणून त्याला हवेसाठी वर यावे लागते. त्याचे नाक तोंडाच्या टोकाशी नसून माथ्यावर आहे, त्यामुळे सगळे शरीर पाण्यात ठेवून नुसता माथा वर काढला तरी काम भागते. दात असलेल्या देवमाशांना आणि डॉल्फिनांना बाहेरून एकच भोक दिसते. दातांऐवजी गाळणीसारख्या पट्ट्या असलेल्या देवमाशांना दोन असतात. निळा देवमासा या दुसऱ्या गटातला आहे. आपले नाक उघडेच असते, ते बंद करायचे तर चिमटीत धरावे लागते. देवमाशाचे नाक मात्र मिटलेले असते आणि ते उघडण्यासाठी त्याला स्नायू आवळावे लागतात. श्वास घेणे ही त्याच्यासाठी दर वेळी ठरवून करायची गोष्ट आहे. म्हणूनच डॉल्फिन झोपतात तेही अर्ध्या मेंदूने. उरलेला अर्धा जागा राहून श्वासाकडे लक्ष देतो.

हे नाक माथ्यावर चढायला लक्षावधी वर्षे लागली. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीच्या, आजच्या पाकिस्तानात जीवाश्म सापडलेल्या पाकिसेटस या चतुष्पाद पूर्वजाच्या नाकपुड्या कुत्र्यासारख्या मुस्कटाच्या टोकाला होत्या. नंतरच्या जीवाश्मांत त्या थोड्या मागे सरकलेल्या दिसतात, आणि आजच्या देवमाशांत त्या डोळ्यांच्या वर पोहोचल्या आहेत. डॉल्फिनचा गर्भ वाढतानाही नाकपुड्या आधी पुढे असतात आणि मग वर सरकतात. हे वर्गात सांगितले, तर मुलांना हे भोक नाकच आहे हे पटवून द्यावे लागणार नाही.

चित्रांत देवमाशाच्या डोक्यावर नळ फुटल्यासारखी पाण्याची धार काढलेली असते, ती चूक आहे. तो पाणी उडवत नाही, तो श्वास सोडतो. पौषातल्या पहाटे गोठ्यात कंदील घेऊन गेलो, की उठून उभ्या राहिलेल्या बैलांच्या नाकपुड्यांतून दोन पांढरे लोट निघताना दिसतात आणि जोत जुंपेपर्यंत ते दिसत राहतात. देवमाशाचा फवारा म्हणजे असाच लोट आहे. फक्त फुप्फुसे प्रचंड, श्वास जोराचा, आणि त्या हवेबरोबर भोकाच्या तोंडावर साचलेले थोडे पाणी व शेंबूडही उडतो. निळ्या देवमाशाचा हा लोट ९ मीटर व त्याहूनही उंच जातो, म्हणजे तीन मजली घराएवढा. एका श्वासात तो फुप्फुसांतील ८० ते ९० टक्के हवा बदलून घेतो. आपण स्वस्थ बसलेलो असताना एका श्वासात जेमतेम १० ते १५ टक्के बदलतो. लोटाच्या आकारावरून जातही ओळखता येते : राइट व्हेल नावाच्या देवमाशाचा लोट दुभंगलेला, तर स्पर्म व्हेलचा पुढे आणि डावीकडे कललेला, कारण त्याचे भोक डोक्याच्या पुढच्या टोकाला डाव्या बाजूस असते. पूर्वी देवमाशांची शिकार करणारे खलाशी डोलकाठीवर चढून हा लोट दिसताच ‘ती पाहा, ब्लो करते आहे’ असे ओरडत. शब्दाचा ‘फुंकण्या’चा भाग कोठून आला, हे त्यावरून लक्षात यावे.

आता इतर भाषा. त्यांच्याकडे पाहिले, की एकाच भोकाकडे माणसांनी तीन नजरांनी पाहिले आहे असे दिसते.

पहिली नजर श्वासाची. लॅटिनमध्ये ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे; त्यावरून ‘स्पिराकुलुम’, श्वास चालण्याची जागा. स्पॅनिश ‘एस्पिराकुलो’ तेथूनच आला. इटालियन ‘स्फियातातोयो’मध्ये ‘फियातो’ म्हणजे श्वास दडलेला आहे. रशियन ‘दिखालो’ हा शब्दही श्वास घेणे या क्रियापदावरून घडला आहे.

दुसरी नजर फुंकण्याची. जर्मन ‘ब्लासलोख’ तर इंग्रजीचा सख्खा भाऊच : फुंकणे अधिक भोक. पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो ग्रीक शब्द, ‘फ्युसेतेर’. ‘फुंकणारा’ हा त्याचा अर्थ. फुंकण्याच्या नळीलाही ग्रीक लोक हाच शब्द वापरत, देवमाशाच्या माथ्यावरच्या भोकालाही आणि खुद्द एका जातीच्या देवमाशालाही. प्राण्यांना शास्त्रीय नावे देणाऱ्या कार्ल लिनिअस या शास्त्रज्ञाने १७५८ मध्ये स्पर्म व्हेलला शास्त्रीय नाव दिले ते यावरूनच, फायसेटर. म्हणजे जी वस्तू आपल्या घरात चुलीशेजारी पडलेली असते, टोकाला राख लागलेली, दोन्ही बाजूंनी उघडी लोखंडी फुंकणी, तिच्याच नावाने, दात असलेल्या प्राण्यांतला जगातला सर्वांत मोठा प्राणी ओळखला जातो. ग्रीक ‘फ्युस’ आणि मराठी ‘फुस’ यांच्या आवाजातले साम्य हा नात्याचा पुरावा नव्हे. फुंकताना ओठांतून जो आवाज येतो त्यावरून शब्द घडवण्याची चाल दोन्हीकडे आहे, एवढेच म्हणावे.

तिसरी नजर पाण्याच्या धारेची, म्हणजे चित्रकारांनी केलेल्या त्याच चुकीची. डच भाषेतल्या शब्दाचा अर्थ ‘पाणी उडवणारे भोक’ असा आहे. जपानीत ‘शिओफुकी’ म्हणजे समुद्राचे पाणी फुंकणे. तेथेही तीच समजूत. जपानीत दुसरा, शास्त्रीय शब्द आहे ‘फुन्किको’, वायू उसळून बाहेर पडण्याचे छिद्र, आणि तो देवमाशाच्या नाकाला लागतो तसाच ज्वालामुखीच्या परिसरात वाफा सोडणाऱ्या जमिनीतल्या भोकालाही लागतो.

फ्रेंचांनी देवमाशाच्या भोकासाठी वाऱ्याशी नाते सांगणारा ‘एव्हाँ’ हा शब्द ठेवला आणि समुद्रकाठच्या भोकाला ‘सुफ्लर’ म्हटले, म्हणजे फुंकणारा. गंमत अशी, की फ्रेंच रंगभूमीवर नटाला विसरलेले वाक्य पुरवणाऱ्यालाही ‘सुफ्लर’च म्हणतात. आपल्या झाडीपट्टीच्या नाटकात जो प्रॉम्प्टर असतो, तो फ्रेंचांच्या लेखी फुंकणारा. मराठीत मात्र कान फुंकणे याचा अर्थ एक तर चहाडी करणे किंवा गुरूने मंत्र देणे. कामापुरते वाक्य पुरवणे हा अर्थ आपण त्या क्रियापदाला दिला नाही.

भारतीय भाषांत समुद्री देवमाशापेक्षा गंगेतला डॉल्फिन जुना ओळखीचा. संस्कृतात त्याला शिशुमार म्हणतात, हिंदीत सूंस, बंगालीत शुशुक. वर येऊन श्वास सोडताना तो ‘सू’ असा आवाज करतो, आणि लोक त्याचे ‘सूसू’ हे नाव त्या आवाजावरूनच सांगतात. इतर डॉल्फिनांच्या माथ्यावरचे भोक आडव्या चंद्रकोरीसारखे असते, याचे मात्र उभ्या चिरेसारखे असते. २००९ मध्ये हा प्राणी राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर झाला. भोकाला वेगळे नाव न देता त्यातून येणाऱ्या आवाजाने सगळ्या प्राण्यालाच ओळखणे ही मला फार सुंदर रीत वाटते.

समुद्रकाठच्या भोकाविषयी थोडक्यात. लाटा कड्याच्या पायथ्याशी गुहा कोरत आत जातात; छताला भेग असेल तर ती वाढून वरपर्यंत भोक पडते. मग मोठी लाट आत घुसली, की आतली हवा दाबली जाते आणि पाण्यासह त्या भोकातून उसळते. ऑस्ट्रेलियातील कायामा येथील असे भोक जॉर्ज बास या दर्यावर्दीने १७९७ मध्ये नोंदवले होते. मेक्सिकोत एन्सेनादाजवळच्या भोकाला ‘ला बुफादोरा’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये ‘बुफार’ म्हणजे बैलाने किंवा घोड्याने नाकातून जोराने फुरफुरणे. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे ‘हुम्मानय’ पाणी उसळण्यापूर्वी येणाऱ्या ‘हू’ अशा आवाजासाठी प्रसिद्ध आहे आणि त्याचे नाव त्या आवाजाशीच जोडले जाते. हवाई बेटांवर ‘पुही’ म्हणजे फुंकणे, आणि वाम माशाचे नावही तेच.

अतिथंड प्रदेशातला आणखी एक अर्थ आहे. गोठलेल्या समुद्राखाली राहणारे सील श्वासासाठी बर्फात भोक पाडून ठेवतात आणि ते बुजू नये म्हणून नखांनी पुन्हा पुन्हा खरवडत राहतात. तिकडचे मूळ रहिवासी, इन्युइट लोक, त्याला ‘आग्लू’ म्हणतात आणि शिकारी त्या भोकापाशी तासन्‌तास निश्चल उभा राहतो.

आता त्या मुलाच्या भावाचा अर्थ. त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण तो आपल्या अंगणातला आहे आणि शब्दकोशांत त्याची सर्वांत कमी दखल घेतली जाते. फाउंड्रीत वाळूचा साचा करतात आणि त्यात वितळलेले लोखंड ओततात. साच्याची वाळू ओलसर असते. लोखंडाची धग लागताच त्या ओलाव्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,६०० पट जागा मागते. ही वाफ वाळूच्या कणांमधून निसटली तर ठीक. वाळू फार ठासली गेली असेल किंवा ओल जास्त असेल, तर ती उलट धातूत शिरते आणि धातू थिजला की आत बुडबुडा कायमचा राहतो. म्हणूनच साचा भरल्यावर कारागीर तारेने त्यात बारीक भोके पाडून ठेवतो. बाहेर जाणारी भोके नीट पाडली नाहीत, तर आत नको ते भोक पडते, असा हा हिशेब आहे. वरून माल गुळगुळीत, निर्दोष दिसतो. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातणाऱ्या यंत्रावर, एक थर उतरला, की मग पोकळी उघडी पडते, तोवर मजुरी, कोळसा आणि वीज सगळे खर्ची पडलेले असते. ‘माल वापस’ या दोन शब्दांत त्या मुलाने हे सगळे सांगितले.

वेल्डिंगमध्येही हेच होते. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात आमच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा हूक तुटला. एका दुकानातून तो जोडून आणला आणि आठवड्याच्या आत, खताच्या गोण्या भरलेल्या असताना, रस्त्यातच पुन्हा त्याच जागी तुटला. तुटलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला. जोडाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढी तीन-चार गोल भोके होती, आतून इतकी चकचकीत, की बोटाला लागलेली वंगणाची काळी रेघ त्यात उठून दिसत होती. गावातल्या वयस्क लोहाराला तो तुकडा दाखवला. त्याने तो उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाला, ‘आत हवा कोंडली ना बाप्पा, म्हनून पोकय रायलं.’ पावसाळी हवेत वेल्डिंगच्या कांड्या ओलावतात, लोखंडावर गंज, तेल किंवा रंग राहिलेला असतो, त्याचा वायू होतो आणि जोडात अडकतो. कांड्या भट्टीत शेकून कोरड्या कराव्या लागतात आणि जागा घासून स्वच्छ करावी लागते. ते झाले नव्हते. आतला चकचकीतपणा हीच वायूची खूण आहे. धातू थिजताना आकसून जी पोकळी पडते, ती आतून खरबरीत असते.

लोहाराच्या त्या वाक्यात मला मराठी शब्दाची दिशा सापडली. इंग्रजीत या दोषालाही ‘फुंकण्याचे भोक’ म्हटले, पण येथे काहीच फुंकले जात नाही. उलट, बाहेर पडू पाहणारी हवा कोंडली जाते. देवमाशाचे भोक श्वासाची वाट आहे आणि हे भोक वाट न मिळालेल्या वायूची कोठडी आहे. दोन्हींना एकच नाव देणे इंग्रजीला चालले, आपल्याला का चालावे?

असे कोंडलेले बुडबुडे पाहायला कारखान्यात जायचीही गरज नाही. आपल्याकडे विहीर खणताना जो काळा दगड निघतो, त्यात कित्येकदा वाटाण्याएवढी, कधी लिंबाएवढी भोके असतात. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्ह्याचे थरावर थर पसरले, तेव्हा थिजत्या रसात अडकलेल्या वायूची ती घरे आहेत. पुढे पाणी झिरपून त्यांतल्या अनेक भोकांत पांढरी, गुलाबी, हिरवट खनिजे आणि गारगोट्या भरल्या. मुलांना घेऊन विहिरीच्या काठावरचा ढिगारा एकदा धुंडाळावा. फाउंड्रीतला ब्लोहोल आणि हा दगड यांत कारण एकच आहे.

शेवटी मराठी पर्याय. आपल्या भाषेत भोकांची नावे फार बारकाईने वेगळी केलेली आहेत. भोक हा सर्वसाधारण शब्द, छिद्र बारीक, रंध्र शक्यतो जिवंत शरीराचे, बीळ जनावराने केलेले, विवर मोठे आणि खोल, झरोका उजेडासाठी माणसाने ठेवलेला, धुराडे धुरासाठी, खिंडार पडझडीने झालेले, पोकळी म्हणजे बाहेर तोंड नसलेली आतली रिकामी जागा. ही संपत्ती हाताशी असताना मी असे सुचवतो : देवमाशासाठी लिहिताना ‘श्वासरंध्र’, वर्गात बोलताना सरळ ‘माथ्यावरचे नाक’, समुद्रकाठच्या भोकासाठी ‘फवारविवर’, किंवा बातमीत ‘लाटांचे कारंजे’, बर्फातल्या भोकासाठी ‘श्वासविवर’, आणि ओतकामातल्या दोषासाठी ‘वायुपोकळी’. फाउंड्रीत आणि वेल्डिंगच्या दुकानात ‘ब्लोहोल’ हाच शब्द रुळला आहे आणि तेथे तो तसाच राहावा. कामगाराच्या तोंडचा चालता शब्द काढून त्याजागी कोशातला बसवण्याचा हट्ट मी धरणार नाही. ‘वायुपोकळी’ ही आयटीआयच्या पुस्तकासाठी, समजावून सांगण्यासाठी.

प्रश्न : देवमाशाच्या माथ्यावरच्या भोकाला ‘ब्रह्मरंध्र’ का म्हणू नये? जागा तीच आहे आणि शब्द तयार आहे. ‘श्वासरंध्र’ हा शब्द तर किड्यांच्या धड्यातही येतो, मग घोटाळा होणार नाही काय? (गडचिरोली जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : जागा तीच असली तरी काम ते नव्हे. ब्रह्मरंध्र ही योगशास्त्रातली कल्पना आहे. टाळूच्या ठिकाणी मानलेले, प्राण निघून जाण्याचे द्वार. तान्ह्या बाळाची टाळू उडताना आपण बोटाखाली अनुभवतो आणि तेल घालून ती भरतो, त्या जागेशी हा शब्द मनात जोडलेला आहे. देवमासा त्याच्या भोकातून प्राण सोडत नाही, तो दिवसभर त्यातून श्वास आत-बाहेर करतो. एका श्रद्धेच्या शब्दाला शरीरशास्त्राचे काम लावले, तर दोन्हीकडे गैरसमज होईल.

‘श्वासरंध्रा’विषयी आपली शंका रास्त आहे, पण तो घोटाळा मला उपयोगी वाटतो. किड्यांच्या कुशीवर ओळीने असलेल्या बारीक छिद्रांना लॅटिन घराण्यातली स्पॅनिश भाषाही तोच ‘स्पिराकुलुम’चा शब्द लावते, जो ती देवमाशाच्या भोकाला लावते. श्वास ज्या छिद्रातून चालतो ते श्वासरंध्र, मग प्राणी केवढाही असो. फरक एवढा ध्यानात ठेवावा, की किड्याला फुप्फुसे नसतात. त्याच्या छिद्रांतून हवा बारीक नळ्यांनी थेट शरीरभर जाते. मावा किंवा पांढऱ्या माशीवर तेलकट फवारा मारतात तेव्हा ही छिद्रे तेलाच्या थराने बुजतात आणि कीड गुदमरते. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना हा दाखला लगेच समजेल.

प्रश्न : आमच्या शेतात एक कोरडा पडलेला बोअर आहे. त्याच्या तोंडावर ठेवलेल्या पत्र्याला भोक आहे, त्यातून दुपारी शिटीसारखा आवाज येतो आणि हवा बाहेर येते. रात्री हात धरला तर हवा आत ओढली जाते. याला ब्लोहोल म्हणता येईल काय? घरची म्हातारी माणसे म्हणतात, की जमीन श्वास घेते. (यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी)

उत्तर : म्हणता येईल, आणि म्हाताऱ्या माणसांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनामधल्या वुपात्की या ठिकाणी जमिनीत असेच हवा सोडणारे आणि ओढणारे एक भोक आहे आणि त्याला इंग्रजीत ब्लोहोलच म्हणतात.

कारण हवेच्या दाबात आहे. खडकातल्या भेगांत आणि पोकळ्यांत पुष्कळ हवा साठलेली असते. बाहेरच्या हवेचा दाब कमी झाला की आतली हवा बाहेर येते, वाढला की बाहेरची आत जाते. आपल्या उष्ण प्रदेशात हा दाब रोज ठरावीक वेळी चढतो आणि उतरतो : सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमारास उतरलेला. म्हणून सकाळी दहानंतर चारपर्यंत तुमचा बोअर श्वास सोडतो आणि संध्याकाळनंतर घेतो. वादळी पावसाआधी दाब अचानक उतरला, तर शिटी जोरात वाजेल. चिमूटभर राख किंवा कागदाची बारीक पट्टी भोकापाशी धरून सकाळी दहा, दुपारी चार आणि रात्री दहा या वेळांना आठवडाभर पाहावे आणि वहीत लिहून ठेवावे. ती वही आमच्याकडे पाठवली, तर पुढच्या अंकात जरूर छापू.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगतो. अशी जमिनीखालून येणारी हवा प्राणवायूने कमी असू शकते. भोकावर तोंड नेऊन वास घेऊ नये, आणि शेजारी बंद पडलेली विहीर असेल तर तीत मोटार काढायला किंवा गाळ उपसायला कोणीही थेट उतरू नये. आधी पेटता दिवा दोरीने सोडून पाहण्याची आपली जुनी रीत आहे. दिवा विझला तर उतरायचे नाही हे नक्की, पण विषारी वायू असूनही दिवा तेवत राहू शकतो, म्हणून दिवा जळतो आहे एवढ्यावर भिस्त ठेवू नये. दुसरे, नुसता पत्रा पुरेसा नाही. उघड्या बोअरमध्ये मुले पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सूचना दिल्या आहेत. वापरात असलेल्या बोअरच्या केसिंगवर, म्हणजे आत बसवलेल्या नळाच्या तोंडावर, नटबोल्टने आवळलेले लोखंडी झाकण बसवायचे आणि सोडून दिलेला बोअर माती-दगड घालून तळापासून वरपर्यंत बुजवायचा. आपला बोअर कोरडा आहे आणि पुन्हा वापरायचा नसेल, तर नोंदी झाल्यावर तो बुजवून टाकावा. तोवर झाकण बोल्टने आवळून घ्यावे आणि शिटीसाठी त्यात करंगळीएवढेच भोक ठेवावे.